टेकडी एकच, मुलं पहिलीपासून दहावीपर्यंतची

पत्राचा सारांश: कोथरूडमध्ये राहणाऱ्या, पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या एक ताई दर रविवारी सकाळी आसपासच्या सोसायट्यांमधल्या मुलांना म्हातोबा टेकडीवरून वेताळ टेकडीकडे फिरायला नेतात. पहिलीपासून दहावीपर्यंतची वीसेक मुलं, सगळी एकत्र. सोपं करून सांगितलं की मोठी कंटाळतात, खोलात शिरलं की धाकटी मातीत खेळायला लागतात. मध्यंतरी त्यांनी प्लास्टिक आणि हवामानबदलावरची एक चित्रफीत सगळ्यांना दाखवली. दुसरीतली एक मुलगी त्या रात्री रडून रडून झोपेना, तेव्हा तिच्या आईने फोन करून चांगलंच सुनावलं. पुढच्याच रविवारी नववीतल्या एका मुलाने विचारलं, "ताई, ह्याचे मार्क मिळतात का?" त्यात एका शाळेने त्यांना 5 जूनला, पर्यावरण दिनी, टेकडीवर वृक्षारोपण घ्यायला सांगितलं आहे, फोटोंसह. ताई विचारतात: "वयानुसार अभ्यासक्रम आखू का? मोठ्यांना बंद करून फक्त लहानांनाच घेऊ का? मला सगळ्या पक्ष्यांची, किड्यांची नावंही येत नाहीत. हे काम माझ्या हातचं नाही असं वाटू लागलंय."

प्रिय ताई,

तुम्ही लिहिलेल्या अडचणी वेगवेगळ्या दिसतात, पण त्यांच्या मुळाशी मला एकच समजूत दिसते. निसर्ग शिकवणं म्हणजे माहिती देणं, आणि वय बदललं की फक्त तिची मात्रा बदलायची, लहानांना अर्धा चमचा, मोठ्यांना पूर्ण. ही समजूत तुमची एकटीची नाही. आपण सगळे तशाच वर्गांतून शिकलो. आधी ती जरा तपासून पाहू, मग अभ्यासक्रमाचं बोलू.

सहा-सात वर्षांचं मूल एका जिवाकडे टक लावून बघत राहू शकतं. त्याला त्यातून काही सिद्ध करायचं नसतं. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला मोजायचं असतं, याद्या करायच्या असतात, "तुझ्यापेक्षा मला जास्त सापडले" म्हणून भांडायचं असतं. चौदा-पंधराव्या वर्षी मूल न्याय-अन्यायाच्या प्रश्नात शिरतं आणि मोठ्यांनी दिलेली तयार उत्तरं त्याला खपत नाहीत. आता तुमची चित्रफीत आठवा. ती तिघांनाही सारखीच दाखवली. धाकटी घाबरली, मधल्यांना त्यात करण्यासारखं काही नव्हतं, आणि मोठ्यांना ती आणखी एक ऐकलेली शिकवण वाटली. चित्रफितीतली माहिती खरी असेल, पण तिच्यात कोणत्याही वयाच्या मुलासाठी काम नव्हतं.

आधी धाकट्यांचं बघू. ती मातीत खेळायला लागतात हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलं आहे. मी म्हणेन, त्या वेळी तुमचा वर्ग व्यवस्थित चालू असतो. पहिली-दुसरीच्या मुलांना अन्नसाखळी, परिसंस्था हे शब्द नकोतच. त्यांना एकच जीव द्या आणि भरपूर वेळ द्या. त्यासाठी टेकडीवरही जावं लागत नाही. सोसायटीत कोणाच्या ना कोणाच्या कुंडीत कढीपत्ता किंवा लिंबू असतोच. त्याची पानं कुरतडलेली दिसली की नीट शोधा. एखाद्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखा पांढरट-तपकिरी ठिपका दिसेल. पाहता पाहता तो ठिपका हलतो, कारण ती अळी असते. पक्ष्याने खाऊ नये म्हणून तिने पक्ष्याच्याच विष्ठेचं सोंग घेतलेलं असतं. मोठी होता होता ती हिरवीगार होते, पुढच्या भागावर खोटे डोळे उमटतात. गवताच्या काडीने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून लालसर, दोन टोकांचं शिंगासारखं काहीतरी झटकन बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. दोन क्षणांत ते परत आत. हे पाहताना मुलं एकदम मागे सरकतात आणि लगेच आणखी पुढे झुकतात. मग "परत! परत!" सुरू होतं. तिथे ताईंचं काम एवढंच, की एकदा झालं, आता तिला खाऊ द्या, असं सांगणं.

ती अळी रोज पाहायची. कोष झाला की वाट पाहायची. फुलपाखरू कोणत्या दिवशी निघेल ते कुणालाच नेमकं सांगता येत नाही, आणि हे लहान मुलाला फार आवडतं, कारण ताईंनाही माहीत नसतं! एखादी अळी मध्येच नाहीशी होईल, तिला बुलबुल किंवा गांधीलमाशी नेईल. तेही सांगायचं. लहान मुलांना मरण समजतं, ते डोळ्यांसमोर असेल तर. वाटेत मेलेला पक्षी दिसला तर त्यांना घाईघाईने पुढे हाकू नका. हात न लावता थांबा, मुंग्या काय करताहेत ते बघू द्या.

म्हणूनच त्या रडणाऱ्या मुलीबद्दल मला वेगळं वाटतं. दुसरीतल्या मुलीपासून सगळं दुःख लपवा असं मी म्हणत नाही. समोरच्या मेलेल्या पक्ष्याचं दुःख तिच्या आवाक्यातलं आहे. ती त्यावर पानं टाकू शकते, प्रश्न विचारू शकते. सगळी पृथ्वी तापते आहे आणि कासवं मरताहेत, हे दुःख तिच्या आवाक्याबाहेरचं आहे. ती त्याचं काहीही करू शकत नाही आणि ते तिला कुठे ठेवायचं हेही कळत नाही. भीती वाटली की जाणीव येते, असं आपण धरून चालतो. लहान वयात बहुतेक वेळा उलट होतं, मूल तो विषयच टाळायला लागतं. जिव्हाळा आधी जडू द्या. संकटाची गोष्ट पाचवी-सहावीपासून सांगा, आणि सुरुवातीला अशी निवडा जिच्यात कारण सापडलं आणि माणसांनी काहीतरी केलं.

गिधाडांची गोष्ट तशी आहे. आपल्या आजी-आजोबांच्या लहानपणी मेलेल्या गुरांभोवती गिधाडांचे थवे असायचे. 1990 च्या दशकात ती झपाट्याने दिसेनाशी झाली. रोग असेल, विषबाधा असेल, बरेच तर्क झाले. 2004 च्या सुमारास उलगडा झाला: गुरांना वेदनाशामक म्हणून दिलं जाणारं डायक्लोफिनॅक. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. 2006 मध्ये भारतात जनावरांसाठी ते औषध बंद करण्यात आलं. गिधाडं अजून पूर्वीसारखी परतलेली नाहीत, हेही खरं सांगायचं. पण ही गोष्ट कोडं म्हणून मांडा, एकेक धागा द्या, मुलांना तर्क लढवू द्या. कुणीही औषधावर संशय घेत नाही, आणि उत्तर कळल्यावर होणारी शांतता मोलाची असते. त्यानंतर त्याच मुलांना "गिधाडं गेली तर कुत्र्यांचं काय झालं असेल?" असं विचारलं की अन्नसाखळी वेगळी शिकवावी लागत नाही.

मधली मुलं, म्हणजे चौथी ते सातवी, तुमच्या पत्रात जवळजवळ नाहीतच. ती त्रास देत नसावीत, म्हणून राहून गेली. खरं तर तुमच्या गटाचा कणा तीच आहेत. त्यांना साधनं द्या: वही, भिंग, एक मीटरची दोरीची चौकट. चौकट गवतात टाकायची आणि आत जे जे वेगळं दिसेल ते मोजायचं, नाव येत नसेल तर चित्र काढायचं. एक चौकट उघड्या गवतात, एक गिरिपुष्पाच्या झाडाखाली, एक पायवाटेच्या कडेला. तीन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की मुलं स्वतःच विचारतात, "इथे कमी का?" त्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊ नका. पावसाळ्यात, हिवाळ्यात आणि कडक उन्हाळ्यात तीच जागा पुन्हा मोजायला लावा.

उंबर हा या वयाचा आणखी एक खजिना. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही असं घरोघरी म्हणतात. ते दिसत नाही, कारण ते फळाच्या आत असतं. पिकत आलेलं उंबर चाकूने उघडून भिंगाखाली धरा. आत शेकडो बारीक फुलं दाटीने लागलेली असतात आणि त्यांत चिमुकल्या गांधीलमाश्या. मादी टोकाच्या छिद्रातून आत शिरते, शिरताना बहुतेक वेळा तिचे पंख तुटतात. ती अंडी घालते, सोबत आणलेले परागकण फुलांना लागतात, आणि ती आतच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखांचे असतात. ते माद्यांसाठी बाहेरची वाट कोरतात आणि बाहेरचं जग फारसं न बघताच संपतात. वड, पिंपळ, उंबर, प्रत्येकाची बहुधा आपापली गांधीलमाशी असते. एवढं पाहिल्यावर "उंबरात किडे असतात, ई!" म्हणणारं मूल वाटेतलं प्रत्येक उंबर उघडायला बघतं. मग त्याला थांबवावं लागतं, तेही चालेल.

आता मोठी मुलं. "ह्याचे मार्क मिळतात का?" हा प्रश्न तुम्हाला लागला. तो टोमणा आहे असं मात्र मला वाटत नाही. दहावीच्या उंबरठ्यावरच्या मुलाच्या प्रत्येक तासाचा हिशोब घरी मागितला जातो. क्लास, चाचणी, पुन्हा क्लास. तो तुम्हाला विचारतोय, की इथे येण्याचं घरी काय कारण सांगू? त्याला उत्तर देण्यासारखं काहीतरी खरं हवं, आणि तसं काम उपलब्ध आहे. दर फेब्रुवारीत चार दिवसांची पक्षीगणना होते, जगभरातले लोक आपापल्या परिसरातले पक्षी मोजून ई-बर्ड या संकेतस्थळावर नोंदवतात. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा 2023 चा अहवाल 30 हजारांच्या आसपास पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे 3 कोटी नोंदींवर उभा राहिला. कोणता पक्षी वाढतोय, कोणता घटतोय हे त्यातून कळलं, आणि त्या नोंदींत हौशी माणसांचा वाटा मोठा आहे. वेताळ टेकडीची वर्षभराची शिस्तशीर यादी नववीच्या मुलांनी ठेवली, तर ती कुणाच्या तरी अभ्यासाला उपयोगी पडेल. हे त्या मुलाला सांगा. मार्क नाहीत, पण तुझी नोंद मोजली जाईल. खातं पालकांच्या किंवा तुमच्या नावावर काढा.

पण नोंदी एवढ्यावर ती मुलं टिकणार नाहीत. त्यांना वाद हवा. आपल्या पुणे जिल्ह्यातच त्यासाठी अतिशय अवघड आणि खरा प्रश्न आहे: जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागातला बिबट्या. धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला. उसाच्या फडात बिबट्याला आडोसा मिळतो, वाड्या-वस्त्यांवर कुत्री आणि शेळ्या मिळतात, पिल्लं फडातच होतात. तोडणी सुरू झाली की ती पिल्लं ऊसतोड कामगारांच्या समोर येतात. हल्ल्यांत माणसं गेली आहेत, लहान मुलंही गेली आहेत. तुमच्या गटातल्या एखाद्याचं आजोळ त्या भागात असण्याचा संभव बराच आहे, त्याला बोलू द्या. कोथरूडच्या गॅलरीतून "बिबट्या वाचवा" म्हणणं सोपं असतं. संध्याकाळी मुलाला अंगणात सोडताना काळजात धस्स होणाऱ्या आईची बाजू त्यांनी आधी ऐकली पाहिजे.

मग प्रश्न टाका: पिंजऱ्यात आलेल्या बिबट्याचं काय करायचं? बहुतेक मुलं म्हणतील, लांब जंगलात नेऊन सोडायचं. त्यांना तो युक्तिवाद पूर्ण करू द्या, फळ्यावर लिहा. त्यानंतर त्यांच्यापुढे जुन्नरचे आकडे ठेवा. 2001 पासून तिथे बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचं प्रमाण वाढलं. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की आधी वर्षाला सरासरी 4 असलेले माणसांवरचे हल्ले त्यानंतरच्या काळात 17 वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी शांत होत नाही. हे कळल्यावर मुलं गप्प बसत नाहीत, उलट खरा वाद तिथून सुरू होतो. माणिकडोहसारखी निवारा केंद्रं किती बिबटे सांभाळणार? रात्रीची वीज, बंदिस्त गोठे, एकट्याने न फिरणारी मुलं, यांवर खर्च कोणी करायचा? तुम्ही निकाल देऊ नका. पंधरा वर्षांच्या मुलांसमोर "मलाही पूर्ण उत्तर माहीत नाही" असं म्हणणारी शिक्षिका त्यांना पुन्हा यावंसं वाटायला लावते.

यावरूनच नावांची गोष्ट. सगळी नावं येत नाहीत म्हणून तुम्ही स्वतःला कमी समजता. धाकट्यांना नाव ठेवू द्या, "शेपटी-हलव्या" म्हणतील, चालेल. काही दिवसांनी तो करडा धोबी नावाचा पक्षी आहे हे त्यांना कळेलच. मधल्यांना नाव शोधायला लावा. मोठ्यांना विचारा, तो धोबी फक्त हिवाळ्यातच का दिसतो, उरलेलं वर्ष कुठे असतो. म्हणजे पक्षी एकच, आणि तिघांचं काम वेगळं. तुम्ही विचारलेला वयानुसार अभ्यासक्रम हाच. वेगवेगळे धडे आखण्यापेक्षा प्रत्येक रविवारी एकच गोष्ट निवडा आणि प्रत्येक वयाला तिच्यातलं वेगळं काम द्या. उन्हाळ्यात टिटवीची अंडी दगडांत दिसली, तर धाकट्यांनी लांबून ती शोधायची आणि टिटवी ओरडायला लागली की मागे सरायचं. मधल्यांनी तिच्या ओरडण्याची, उडण्याची नोंद ठेवायची. मोठ्यांनी पायवाट किती अंतरावरून न्यायला हवी याचा विचार करायचा.

मोठ्यांना बंद करू नका. धाकट्यांना सांभाळायलाही ठेवू नका, ते त्यांना अपमानास्पद वाटतं आणि बरोबरच वाटतं. नोंदवहीची जबाबदारी त्यांची ठेवा, धाकट्यांना जे दिसलं ते विचारून लिहून घ्यायचं काम त्यांचं. सहा वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीच्या जवळ असतात, त्याला कितीतरी अशा गोष्टी दिसतात ज्या मोठ्यांना दिसत नाहीत. नववीतल्या मुलाने वही उघडून "काय पाहिलंस, सांग" असं गंभीरपणे विचारलं की दोघंही बदलतात. महिन्यातून एखादा रविवार मात्र फक्त आठवी ते दहावीसाठी ठेवा, त्यांना आपसात बोलायला जागा लागते.

वृक्षारोपणाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: टेकडीवर खड्डे खणायला मुलांना नेऊ नका. पुण्याच्या टेकड्यांचा बराच भाग मुळात गवताळ, विरळ झाडोऱ्याचा. तिथे एके काळी मोठ्या प्रमाणावर गिरिपुष्प लावलं गेलं. ते मूळचं मध्य अमेरिकेतलं, भराभर वाढणारं. हिरवं दिसलं म्हणजे झालं, या विचारातून ते आलं. उघड्या माळावर अंडी घालणाऱ्या टिटवीला दाट झाडी नको असते. गवत म्हणजे पडीक जमीन, ही समजूत मुलांच्या मनात 5 जूनला आणखी घट्ट होईल. टेकडीची बरीचशी जमीन वन विभागाची आहे, तिथे परस्पर काही लावताही येत नाही. शाळेला नकार देताना पर्याय द्या: त्या दिवशी मुलं टेकडीवरच्या चौकटी मोजतील, आणि झाडं लावायचीच असतील तर शाळेच्या आवारात कढीपत्ता, लिंबू, एखादा उंबर लावतील. फोटो त्याचेही येतात. पाच वर्षांनी त्या कढीपत्त्यावरच्या अळ्या दाखवायला पहिलीच्या वर्गाला बाहेर न्यावं लागणार नाही.

काही जुजबी गोष्टी, ज्या तुम्हाला बहुधा माहीत आहेत. बूट आणि पूर्ण पँट. दगड उचलला तर जसा होता तसा परत ठेवायचा, आणि तो फक्त तुम्हीच उचलायचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार विषारी साप मोठ्या मुलांना चित्रांवरून ओळखता यावेत, पण प्रत्यक्षात कुठलाही साप दिसला तरी नियम एकच, थांबायचं आणि मागे सरायचं. दंश झालाच तर चिरायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, अंग हलू न देता थेट प्रतिविष मिळेल अशा मोठ्या रुग्णालयात न्यायचं. जवळच्या अशा रुग्णालयाचं नाव आणि फोन नंबर आधीच वहीच्या पहिल्या पानावर असावा. पालकांची लेखी संमती घ्या. आणि गटातल्या एखाद्याच्या घरी पिंजऱ्यात पोपट निघाला तर सगळ्यांसमोर त्याला कायदा ऐकवू नका. आपल्याकडचे पोपट पाळणं बेकायदा आहे हे खरं, पण ते त्याच्या आईवडिलांशी स्वतंत्र बोला.

राहिली त्या मुलीची आई. तिला तुम्ही अजून फोन केलेला नाही असं पत्रावरून वाटतं. करा. सफाई देऊ नका. चित्रफीत तिच्या वयाला योग्य नव्हती एवढं सरळ सांगा, आणि मुलगी पुन्हा येणार असेल तर आईलाही सोबत बोलवा. त्या रविवारी टेकडी चढायचीच असं नाही, सोसायटीतल्या कढीपत्त्यापाशीच जमा. पहिला पाऊस पडून गेला असेल तर उघड्या मातीत मृगाचे किडे निघाले असतील, लाल मखमलीचे. ते आईला दाखवायचं काम त्या मुलीकडेच द्या.